किरणोत्सर्गी धूळ आणि केरी गाव

अणुबाँबची ज्वाला जवळच्यांना जाळते; परंतु त्याची किरणोत्सर्गी धूळ वाऱ्याबरोबर दूरच्या गावी जाऊन उतरते. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी येथे केलेल्या चाचणीची राख दीडशे किलोमीटरांहून दूर असलेल्या राँगेलाप बेटावर काही तासांतच पडू लागली. तेथील लोकांना कोणी सावध केले नव्हते. त्यांना हलविण्यात आले ते तिसऱ्या दिवशी.

यावरून ‘संकट दिसताच गाव सोडावे’ असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो पुरता खरा नाही. बाँबच्या धुळीचा जोर प्रारंभी भयंकर असतो, पण तो झपाट्याने ओसरतो. स्फोटानंतर एका तासाने जो जोर असेल, त्याचा सात तासांनी सुमारे दहावा आणि दोन दिवसांनी शंभरावा हिस्सा उरतो. म्हणून पहिला दिवस भिंतींच्या आड काढणे हे उघड्या रस्त्यावर वाहनाची वाट पाहण्यापेक्षा बहुधा श्रेयस्कर ठरते.

पेडणे तालुक्यातील केरी गावाला हा विचार विशेष लागू पडतो. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस तेरेखोल नदी. जमिनीवरच्या वाटा काय त्या हरमलकडे आणि पालयेकडे. पलीकडच्या तीरासाठी फेरीबोट. धूळ पडत असता मुलाबाळांना धक्क्यावर रांगेत उभे करण्यापेक्षा चिऱ्याच्या जाड भिंतींचे माजघर त्यांना अधिक राखील. कौलांतून किरणे आत येतात. तेव्हा चहूबाजूंनी भिंती असलेली आतली खोली निवडावी. दारेखिडक्या लावाव्यात, विहीर झाकावी, बाहेरून आलेल्याने कपडे उतरवून अंग धुवावे.

अणुभट्टीच्या अपघाताची गोष्ट निराळी. तेथे उत्सर्ग कित्येक दिवस चालू राहू शकतो आणि जवळची गावे हलवावी लागतात. कारवार तालुक्यातील कैगा प्रकल्पाभोवती अशा योजनेची कक्षा १६ किलोमीटरांची आहे. केरी तेथून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरांवर आहे. स्वतः हलण्यापेक्षा आलेल्यांना आसरा देण्याचीच पाळी या गावावर येण्याचा संभव अधिक. २०११ साली फुकुशिमा येथे घाईने हलविलेल्या वृद्ध रुग्णांपैकी अनेक जण वाटेतच किंवा पोहोचल्यावर लवकरच दगावले, हेही विसरता येत नाही.

आणखी एक अडचण नकाशातच आहे. तेरेखोल गाव गोव्याचे, परंतु त्याची जमिनीवरची वाट महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातून जाते. फेरीबोट बंद पडली तर तेथील माणसांना रेडीच्या बाजूनेच जावे लागेल. हा करार दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांनी संकटाआधी करून ठेवावयाचा असतो. त्या दिवशी धूळ सीमा विचारणार नाही.

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. भोंगा धोका सांगतो. अंथरुणाला खिळलेला म्हातारा कोणत्या घरी आहे आणि त्याला कोण उचलणार, हे भोंगा सांगत नाही. ती यादी गावानेच करावयाची आहे.