काळा घोडा परिसर आणि आपण

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात मी बँकेच्या स्पर्धा परीक्षांविषयी बोलतो. यंदाही चिटणीस साहेबांनी तोच विषय दिला होता. मीच विनंती करून तो बदलून घेतला, त्याचे कारण बोलता बोलता येईल. मी चित्रकार नाही, वास्तुविशारदही नाही. कला शाखेचा पदवीधर आहे, पण त्या कला शाखेत कलेचा एकही पेपर नव्हता. इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि बँकेत कारकून म्हणून लागलो. शाखा मिळाली फोर्टातली. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन वीस-पंचवीस मिनिटे उरतात. त्या मिनिटांत जे पाहिले, तेवढीच माझी या विषयातील पात्रता.

नोकरीच्या पहिल्या वर्षीची गोष्ट. एका खासगी कलादालनाचे काचेचे दार उघडे दिसले म्हणून आत पाऊल टाकले. खांद्यावर बॅग होती. रखवालदाराने विचारले, "कुरियर आहे का?" मी म्हणालो, "हो, पण पत्ता चुकला वाटतं," आणि परत फिरलो. त्याने मला अडवले नव्हते, हे लक्षात घ्या. खोटे मी बोललो. पुढे कित्येक महिने मी जहांगीर कलादालनावरूनही नुसता जात-येत राहिलो. आत तिकीट असेल, इंग्रजीत काही विचारतील, असे वाटे. शेवटी एका दुपारी जोराचा पाऊस आला आणि तिथल्या पुढे आलेल्या काँक्रीटच्या छताखाली उभे राहावे लागले. वाऱ्याने पाणी आत येऊ लागले तसा मीही आत सरकलो. कोणी काही विचारले नाही. तिकीट नव्हतेच, आजही नाही.

हे कलादालन १९५२ साली उघडले. सर कावसजी जहांगीर यांनी पैसा दिला, दुर्गा बाजपेयी यांनी आराखडा केला. आजूबाजूला सगळा दगडी डामडौल असताना ही साधी, बसकी इमारत. नवोदित चित्रकाराला इथे आपले चित्र लोकांसमोर टांगता यावे, हा हेतू. तारखेसाठी मात्र चित्रकारांना वर्षानुवर्षे थांबावे लागते, हेही सांगितले पाहिजे.

याच परिसराशी जोडलेले एक नाव विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे, ते म्हणजे के. एच. आरा. लहानपणीच घरातून पळून मुंबईत आलेला हा मुलगा लोकांच्या घरी नोकर म्हणून राहिला, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करणाऱ्या सहा जणांत तो होता. फुलदाण्यांची त्यांची चित्रे पाहिली तर रंग ओले आहेत असा भास होतो. पण आरांचे उदाहरण देऊन 'जिद्द असली की सारे साधते' असे मी म्हणणार नाही. जिद्द होतीच, पण त्यांची चित्रे पाहून दखल घेणारे रुडी फॉन लायडन यांच्यासारखे समीक्षकही त्यांना भेटले. आपल्या मुलांची चित्रे पाहायला कोण येते, हा प्रश्न मी सभागृहालाच विचारतो.

शेजारचे वस्तुसंग्रहालय, पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जॉर्ज विटेटने बांधलेली ही इमारत १९१४ साली पुरी झाली, पण पहिल्या महायुद्धात तिचे इस्पितळ झाले आणि संग्रहालय म्हणून ती १९२२ साली खुली झाली. भिंतीजवळ उभे राहून दगड पाहा. निळसर काळा कुर्ल्याचा, पिवळसर मालाडचा. ज्या स्टेशनांवरून आपण रोज धक्के खात येतो, त्याच गावांतून ही इमारत आली आहे.

आत मीरपूरखासच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होते, म्हणून हेन्री कझिन्सने तिथल्या स्तूपाचे उत्खनन १९०९-१०च्या सुमारास केल्यावर त्या इकडे आल्या. ध्यानस्थ बुद्धमूर्ती तर आहेतच, पण मी ज्याच्यापुढे थांबतो तो हातात कमळ घेतलेला एक उभा माणूस. तो बुद्ध नाही, बोधिसत्त्वही नाही. दान देणारा उपासक आहे. दीड हजार वर्षांपूर्वी कोणा कारागिराला वाटले की वर्गणी देणाऱ्याचीही मूर्ती घडवावी! आमच्या खजिनदारांनी ती अवश्य पाहावी.

ओव्हल मैदानाच्या कडेला राजाबाई टॉवर आहे. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला, १८७८ साली पुरा झालेला. विद्यापीठाच्या ग्रंथालयावरचा हा मनोरा. त्याच्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जाती-जमातींच्या माणसांचे पुतळे आहेत. कोण कोणत्या जातीचा, हे पोशाखावरून कळावे अशी योजना. ग्रंथालयाच्या माथ्यावरही माणूस जातीनेच ओळखायचा, या गोष्टीवर मी एकदा दुपारची उरलेली सर्व मिनिटे घालवली आणि काउंटरवर उशिरा पोहोचलो.

ओव्हलच्या पूर्वेला या गॉथिक इमारती आणि पश्चिमेला आर्ट डेकोच्या, म्हणजे गोलाई दिलेल्या गॅलऱ्या आणि खिडक्यांवर भुवयांसारखी छज्जे असलेल्या. २०१८ साली युनेस्कोने या दोन्हींना मिळून जागतिक वारसा यादीत घेतले. आनंदच आहे. पण मी वरळीच्या बी.डी.डी. चाळीत वाढलो, म्हणून एक गोष्ट सांगतो. १९२० साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. त्या खात्याकडे दोन मोठी कामे होती. एक, बॅकबेमध्ये भर घालून समुद्रातून जमीन काढणे, ज्या भरावावर पुढे ओव्हलच्या पश्चिमेच्या आणि मरीन ड्राइव्हच्या त्या देखण्या इमारती आल्या. दुसरे, कामगारांसाठी चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. सिमेंट-सळईचे बांधकाम मरीन ड्राइव्हच्या दहा-पंधरा वर्षे आधी आमच्या नशिबी आले होते. एकाच खात्याची ही दोन लेकरे, एकाचे नाव जगाच्या यादीत गेले आणि दुसरे आता पाडले जात आहे. पाडू नका, असे मी म्हणत नाही. १६० फुटांत सात माणसे झोपलेली मी पाहिली आहेत, त्यांपैकी एक मी होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा डोळे भरून आले.

पण त्याच्या आधी एक प्रसंग घडला. माझी मुलगी आजीच्या खोलीवर गेली असता मोजपट्टी घेऊन बसली. मधला पॅसेज, दोन्ही बाजूंच्या खोल्या, सामायिक संडास, मोरीचा कठडा, आजीने भिंतीत ठोकलेल्या फळीची उंची, हे सारे तिने आलेखाच्या कागदावर काढले. आजी म्हणाली, "पाडायच्या खोलीचं काय काढतेस गं?" मुलगी म्हणाली, "म्हणूनच काढतेय." इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा ती पास झाली होती. मीही शाळेत असताना झालो होतो. प्रमाणपत्र ट्रंकेत आहे. मी ते तिथेच ठेवले, कारण घरात पगार हवा होता. आता तिला वास्तुकलेला जायचे आहे. पाच वर्षांचा अभ्यासक्रम, 'नाटा'ची प्रवेश परीक्षा, शिवाय साहित्याचा खर्च. घरात दोन महिने वाद झाला. तिची आई तिच्या बाजूने, मी विरोधात, हे कबूल करतो. बँकेची परीक्षा दे, असे मीच तिला सांगत होतो. जो विषय मी इथे दरवर्षी मांडतो तोच. तो कागद पाहिल्यावर मला पुढे बोलवेना. म्हणून यंदा विषय बदलला.

काळा घोडा महोत्सवाविषयीही थोडे बोलतो. १९९९ पासून तो भरतो. ज्या पुतळ्यावरून नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ साली हलवला गेला, आज तो राणीच्या बागेत आहे. २०१७ साली तिथे नवा घोडा बसवला, त्यावर स्वार नाही. हे मला फार आवडले. महोत्सवात मात्र गर्दी इतकी की चित्रांपेक्षा फोटो काढणारेच दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने तेव्हा जाऊ नये. एरवीच्या साध्या दिवशी जावे.

तेव्हा पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता चर्चगेट स्टेशनबाहेर ओव्हलच्या बाजूला जमायचे आहे. आधी टॉवर, अकरा वाजता जहांगीर, मग वस्तुसंग्रहालय. तिथे तिकीट आहे, विद्यार्थ्यांचे तिकीट संस्था काढणार, असे अध्यक्षांनी आताच मान्य केले आहे. पालकांनीही यावे, विशेषतः ज्यांच्या घरी सध्या वाद चालू आहे त्यांनी. जहांगीरमधले समोवार उपाहारगृह २०१५ सालीच बंद झाले, म्हणून डबा बरोबर आणावा. नावे अभ्यासिकेतील वहीत शनिवारपर्यंत लिहावीत. माझ्या मुलीचे नाव पहिले आहे, तिने ते माझ्या आधी लिहिले.

जयभीम.