जुना लॅपटॉप घरात येतो तेव्हा



मुंबईचा चाकरमानी हेदवीला येताना कधी कधी जुना लॅपटॉप घेऊन येतो. कोणी दुकानातून दुरुस्त केलेला घेतो. मग तो फडक्यात गुंडाळून ठेवतात आणि मुलगा मे महिन्यात येईल तेव्हा लावून देईल म्हणतात. कशाला थांबायचं? तुम्हाला आता वाचता येतं.

यंत्र जुने म्हणजे मोडके नव्हे. लॅपटॉप ज्याच्यावर चालतो त्याला बहुधा विंडोज म्हणतात. विंडोज १० ची नेहमीची मोफत डागडुजी कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. पुढची विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांवर कंपनी बसवू देत नाही. म्हणून चांगली चालणारी यंत्रेही विकायला निघतात. अशा यंत्रावर लिनक्स मिंट बसवून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत.

विकत घेताना चार्जर काढून अर्धा तास चालवून बघा. प्रत्येक कळ दाबून बघा. पावती मागा. लाजू नका.

जुन्या घरात राहायला गेलं की आपण आधी कुलूप बदलतो. इथेही तेच. आधीच्या माणसाचे फोटो, कागद, नाव, सगळे पुसून घ्यायला सांगा. मग पासवर्ड, म्हणजे उघडायचा गुप्त शब्द, आपण स्वतः घाला. भाच्याने घातला तर यंत्र भाच्याचं!

आता मराठी. भाषेच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट कळपाट निवडा. त्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. इंग्रजी के च्या कळीवर क आहे. शिफ्ट धरून तीच कळ दाबा, ख येतो. आयवर ग, शिफ्ट धरली की घ. जेवर र. म्हणजे शिफ्ट धरून आय, मग शिफ्ट सोडून जे. काय झालं? घर. बाराखडी शिकलेल्या माणसाला हे पोरांपेक्षा लवकर जमतं, असं माझं मत आहे.

मग कामाचा कागद बघा. फोनचे इंटरनेट लॅपटॉपला जोडता येते. त्याला हॉटस्पॉट म्हणतात. सरकारच्या महाभूलेखवर जिल्हा रत्नागिरी, तालुका गुहागर, गाव हेदवी निवडा आणि आपल्या जमिनीचा नंबर घाला. सातबारा समोर येतो. फुकट दिसतो तो नुसता माहितीसाठी. कचेरीत द्यायचा असेल तर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा घ्यावा लागतो.

तो सावकाश वाचा. आपल्याकडे एकेका तुकड्यावर सहहिस्सेदारांची रांग असते. आजोबा वारले तरी त्यांचे नाव तसेच आहे का? बहिणीचे नाव लागले का? इतर हक्क असे लिहिलेल्या रकान्यात कोणाचा बोजा आहे का? आजवर हे दुसरा कोणी वाचून सांगायचा आणि आपण मान हलवायचो. जमिनीला गिऱ्हाईक आणणाऱ्या दलालाने सांगितले ते आणि कागदावर आहे ते एकच आहे का, हे आता आपल्या डोळ्यांनी पडताळा. शब्द अडला तर पुन्हा वाचा. यंत्राला घाई नसते.

पैसे भरताना फोनवर आकडे येतात. त्यांना ओटीपी म्हणतात. ते कोणालाही सांगू नका. बँकेतून बोलतो म्हणणाऱ्यालाही नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या नंबरावर कळवा.

पावसाळ्याचं राहिलं. आपल्याकडे हवा दमट आणि वारा खारा. लॅपटॉप चार महिने पेटीत घालून ठेवू नका. दोन-तीन दिवसांनी तासभर चालू ठेवा, म्हणजे आतल्या उबेने ओल कमी धरते. गडगडायला लागलं की चार्जर भिंतीतून उपटून ठेवा. आणि बॅटरी फुगून बूड वर उचललेलं दिसलं, तर यंत्र बंद करा, चार्जर लावू नका, सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या.