भरल्या गाडीची मागची हौसिंग का सरकते?

एका श्रोत्यानं विचारलंय, "दादा, वडिलांची जुनी टाटा १२१० पुन्हा रस्त्यावर काढलीय. रिकामी सरळ चालते, पण ऊस भरला की मागून तिरकी पळते. एक पाटा वाढवू का?"

थांबा. पाटा वाढवायच्या आधी हे ऐका.

या गाड्यांत मागच्या हौसिंगला जागेवर धरायला वेगळा दांडा नसतो. सगळं पाट्यांवरच. वजन तेच पेलतात, चाकांचा जोर चासीला तेच पोचवतात आणि ब्रेकचा झटकाही तेच खातात. पाट्यांच्या मधोमध सेंटर बोल्ट असतो, त्याचं डोकं हौसिंगच्या बैठकीतल्या भोकात बसतं. आपल्याला वाटतं, हौसिंग हाच बोल्ट धरून ठेवतो. नाही हो! तो फक्त जागा दाखवतो. धरून ठेवते ती यू-बोल्टची पकड. ती सैल झाली की सगळा जोर त्या एवढ्याशा बोल्टवर येतो. माल जितका जास्त तितका जोर जास्त. मग भरल्या गाडीला जोरात ब्रेक मारला की तो कटतो आणि एका बाजूची हौसिंग सरकते.

मी नवीन असताना हीच चूक केलीय. पाटे बदलले, पण पैसे वाचवायला यू-बोल्ट जुनेच लावले. फेरी झाल्यावर पुन्हा आवळलेही नाहीत. चौथ्या फेरीला उतारावर बोल्ट कटला, गाडी आडवी झाली. ड्रायव्हरकाका थोडक्यात वाचले. मला एवढंच म्हणाले, "पोरा, नट आवळायला वेळ तो किती लागतो रे?" ते अजून विसरलेलो नाही.

आता तपासायचं कसं? गाडी सपाट जागेवर उभी करा, चाकांना ठोकळे लावा, टेप घ्या. पाट्याच्या पुढच्या पिनपासून हौसिंगच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. माप सारखं यायला हवं. फरक आला तर आधी सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट बघा. मग आतल्या टायरपासून चासीपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. तिथे फरक असेल तर बुश, पिन आणि शॅकलही तपासा. हीच मापं रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही गाडीवर घ्या.

पाटा वाढवला तर गाडी कमी बसेल, एवढंच. पकड ढिली असेल तर हौसिंग तरीही सरकणारच. शिवाय पाट्यांचा थर जाड झाला की जुने यू-बोल्ट आखूड पडतात, नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत.

तेव्हा यू-बोल्ट नवे घ्या. चारही नट आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा. कंपनीच्या पुस्तकात जेवढा टॉर्क दिलाय तेवढाच द्या. आणि माल भरून पहिली फेरी झाली की पुन्हा पाना लावा, कारण नवे पाटे बसतात आणि पकड सैल पडते.

गाडी जुनी असली तरी चालेल, नट ढिला नको. भेटू पुढच्या भागात.