नवी जड फटफटी : आधी ओळख, मग साज



बाजारातून नवा बैल आणला, तर त्याला त्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपून कोणी घाटात नेत नाही. चार दिवस दावणीला राहू देतात, धन्याची हाक ओळखू देतात, मोकळ्या रानात चालवून पाहतात. शिंगांना रंग आणि पाठीवर झूल ही त्यानंतरची गोष्ट. फटफटीच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे करतो. उसाचे बिल हाती आले, किंवा गुरुजींचे कर्ज मंजूर झाले, की गाडी दारात येते. हार पडतो, पेढे वाटले जातात, आणि आठवड्याच्या आत तिला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, रुंद टायर आणि डोळे दिपवणारे दिवे बसतात. गाडीची ओळख झालेली नसते, साज मात्र चढलेला असतो!

आज मला बोलायचे आहे ते लांब, बसक्या, वजनदार गाडीविषयी. हिला क्रूझर म्हणतात. हिची घडण मूळची अमेरिकेतली. तिकडचे मोठे रस्ते रुंद आणि सरळ. तासन् तास आरामात बसून जायचे, म्हणून बैठक खाली, पाय पुढे, हँडल रुंद आणि अंगाकडे ओढलेले, दोन चाकांत अंतर जास्त. आपल्याकडे बजाजने २००५ साली ‘अ‍ॅव्हेंजर’ आणली, रॉयल एन्फील्डने २०२० साली ‘मीटिऑर ३५०’. खेड्यात अशा प्रत्येक गाडीला लोक ‘बुलेट’च म्हणतात. ते साहजिक आहे. बुलेट ही खरी क्रूझर नव्हे. पण १९५५ साली मद्रासच्या कंपनीशी भागीदारी होऊन ती इथे रुजली, आणि वजनदार गाडीची आवड आपल्याला तिनेच लावली.

आता असं पाहा. आपली रोजची शंभर सी.सी.ची गाडी भरते एकशेदहा किलोच्या आसपास. मीटिऑर ३५० भरते १९१ किलो, आणि तिची थोरली बहीण सुपर मीटिऑर ६५० भरते २४१ किलो. म्हणजे धाकटीच्या बाबतीतसुद्धा जुन्या गाडीवर एक मोठा माणूस कायमचा डबलसीट बसलेला आहे असे समजा. जुन्या गाडीची सवय हातापायांत इतकी मुरलेली असते, की हा जादा माणूस आपण विसरतो. अपघात होतो तो या विसरण्यातून.

म्हणून पहिला धडा इंजिन बंद ठेवून. शाळा सुटल्यावर मैदान मोकळे असते, तिथे गाडी हाताने ढकलत न्या. डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा. गाडी सरळ असते तोवर तिचे वजन चाकांवर असते. थोडी कलली की ते तुमच्या मनगटावर आणि मांडीवर येते. किती कलल्यावर ती सावरत नाही, हे एकदा सोबत माणूस घेऊन, बेताने पाहून ठेवा. उतारावर तोंड खाली करून आणि पुढे भिंत ठेवून ती कधी उभी करू नका. दोन क्विंटल ओझे चढावर मागे ओढता येत नाही, बरं का! चढाकडे तोंड करून, पहिल्या गिअरमध्ये ठेवून स्टँड लावा. पावसाळ्यात काळ्या मातीत स्टँड रुतते. त्याखाली चपटा दगड किंवा फळीचा तुकडा असू द्या.

आणि समजा, पडलीच गाडी, तर ती कमरेने उचलू नका. पाठ धरते ती अशाच वेळी. आधी इंजिन बंद करा, गाडी गिअरमध्ये टाका. उजव्या अंगावर पडली असेल तर डावीकडचे स्टँड आधीच उघडून ठेवा. मग गाडीकडे पाठ करा, ढुंगण बैठकीला टेकवा, एका हाताने हँडलची खालची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागचा दांडा धरा, आणि पायांच्या जोराने मागे मागे सरकत उठा. धान्याचे पोते उचलताना हमाल जोर लावतो तो मांड्यांचा. इथेही तेच.

दुसरा धडा हळू चालवण्याचा. वेगात ही गाडी सरळ, शांत धावते. खरी परीक्षा बाजारच्या दिवशी गर्दीत असते. चाकांतले अंतर जास्त म्हणून तिला वळायला जागाही जास्त लागते. मैदानात चुन्याच्या दोन रेघा मारून घ्या. क्लच अर्धा सोडलेला, इंजिनाला थोडी गती, मागचा ब्रेक अगदी हलका दाबलेला, आणि नजर जिथे जायचे तिथे. पुढच्या चाकाकडे पाहाल तर पाय टेकाल. अशा फेऱ्यांत पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. हँडल वळलेले असताना तो दाबला की गाडी जागच्या जागी आडवी होते.

तिसरा धडा वळणाचा. शिक्षक बंधुभगिनींनी हा वर्गात करून दाखवावा. तळहातावर एक काठी उभी तोलून धरा. ती उजवीकडे झुकवायची असेल तर हात क्षणभर डावीकडे न्यावा लागतो. वेगात असलेल्या दुचाकीचेही असेच आहे. उजवीकडे वळायचे तर उजवी मूठ हलकेच पुढे ढकलायची. चाक क्षणभर डावीकडे सरकते आणि गाडी उजवीकडे झुकते. सायकलवर आपण हे नकळत करतो. जड गाडीवर मात्र ते जाणून करावे लागते, कारण नुसते अंग झुकवून ती झटकन वळत नाही. शिवाय ही गाडी बसकी. सुपर मीटिऑरच्या पोटाखाली जागा असते १३५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभरही नाही. वळणात फार झुकलात तर पायाखालचा दांडा रस्त्याला घासतो. तो आवाज आला की समजा, वळणात शिरतानाच वेग जास्त होता. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. गावोगावचे उंच गतिरोधकसुद्धा हिला सावकाश आणि सरळ चढूनच पार करायला हवेत.

चौथा धडा थांबण्याचा. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. समोर ट्रॅक्टरची ट्रॉली दिसली, मेंदूने हुकूम दिला आणि हात हलला, एवढ्यातच वर्गाच्या दोन खोल्यांइतके अंतर सरले! वेग दुप्पट झाला की जिरवावी लागणारी शक्ती चौपट होते, हे गणित आपण शाळेत शिकलेलो आहोत. पुष्कळ मंडळी पुढच्या ब्रेकला भितात. पण ब्रेक लावताच भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबवण्याचे मोठे काम तेच करते. दोन्ही ब्रेक एकत्र, आणि दाब वाढवत वाढवत लावायची सवय करा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.वरच्या सगळ्या नव्या मोटरसायकलींना एबीएस सक्तीचे झाले. त्याने चाक जाम होत नाही. पण खडीवर, गळीत हंगामात रस्त्यावर पडलेल्या उसाच्या चिपाडांवर किंवा श्रावणातल्या शेवाळावर तेही चमत्कार करत नाही. घाट उतरताना गिअर खालचा ठेवा, म्हणजे इंजिन स्वतःच गाडी आवरते आणि ब्रेक तापत नाहीत.

हे चार धडे होऊन पाचशे-सातशे किलोमीटर झाले, की गाडीला काय हवे आणि आपल्या अंगाला काय हवे, हे आपोआप कळू लागते. साज चढवायचा तो आता.

पहिला साज फुकटातला. तो पान्याचा, पैशांचा नव्हे. क्लच आणि ब्रेकचे दांडे असे फिरवून घ्या की मनगट न वाकता बोटे त्यांवर पडतील. हँडल एक-दोन अंश फिरवून पाहा, खांद्यांचे दुखणे पुष्कळदा तेवढ्यानेच थांबते. आरशात आपला खांदा नव्हे, मागचा रस्ता दिसायला हवा. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा ताण वाढवा आणि टायरमधली हवा पुस्तिकेत दिली असेल तितकी, सकाळी टायर थंड असताना भरून घ्या.

दुसरा साज उपयोगाचा. पाय वाचवणारा पुढचा गार्ड, मागे बसणाऱ्याला पाठीचा टेकू, वारा अडवणारी काच, दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या पिशव्या. सामान खाली आणि गाडीच्या मध्याजवळ असावे. मागच्या चाकाच्याही मागे जड ओझे टांगले, तर सी-सॉसारखे पुढचे चाक हलके होते आणि हँडल ऐकेनासे होते. हँडल उंच करून घेतले असेल तर ते दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहा. एखादी तार ताणली जात असेल तर वळणावर इंजिनाची गती आपोआप वाढेल. जादा दिवा लावायचा तर वायर कापून जोडू नका, फ्यूज आणि रिले घालून घ्या. आणि त्याचा झोत रस्त्यावर पडू द्या, समोरच्या सायकलस्वाराच्या डोळ्यांत नव्हे.

तिसरा साज, जो कधीच करू नये. आवाज फोडणारा सायलेन्सर, वाकडी किंवा नक्षीची नंबरपाटी, अंगापेक्षा रुंद टायर, आणि शोभेसाठी काढून टाकलेला साडीगार्ड! १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की नोंदणीच्या दाखल्यातला तपशील कारखान्याने ठरवल्याहून वेगळा पडेल असा बदल मालकाने करू नये. पण कायद्याआधी माणसाचा विचार करा. मागे बसणाऱ्याला धरायला मूठ, टेकायला पायरी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण असलेच पाहिजे, असा नियम आहे. तो केला तो पदर आणि ओढणी चाकात जाऊ नये म्हणून. क्रूझर लांब, तिची मागची बैठक लहान, आणि साडीगार्ड काढला की ती दिसते खरी ऐटदार. त्या ऐटीची किंमत मात्र मागे बसलेली आई, बायको किंवा बहीण मोजते. टाकीवर लेकराला बसवणेही तसेच. दुचाकीवर चालवणाऱ्यामागे एकच माणूस, हा कायदा आहे. आणि ब्रेक लागला की पुढे फेकले जाणारे पहिले ते लेकरूच असते.

गुरुजी, बाई, तुम्हाला एक वेगळे सांगायचे आहे. तुमची गाडी शाळेच्या फाटकातून आत येते तेव्हा शंभर डोळे तिच्याकडे लागलेले असतात. तुम्ही हेल्मेट कसे घालता, पट्टा लावता की नाही, फाटकाशी वेग किती असतो, हा सगळा पाठ मुले फळ्यावाचून शिकतात. चार-सहा वर्षांनी त्यांतलीच काही मुले अशा गाडीवर बसणार आहेत.

तेव्हा मंडळी, नव्या गाडीला महिनाभर फक्त हात, पाय आणि डोळे द्या. खर्च त्यानंतर. आणि गाडीवरचा कोणताही भाग बदलण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : याने मागे बसलेले माणूस अधिक सुखरूप घरी पोचेल का? उत्तर ‘हो’ असेल तर पाना हातात घ्या. नसेल तर तो खाली ठेवा.