वाळवंटातील पहिले प्रस्तरारोहण

वाळवंट म्हटले की अफाट वाळू, उंटांचा तांडा आणि दूरवर चमकणारे मृगजळ एवढेच चित्र मनापुढे उभे राहते. परंतु सर्वच वाळवंटे वाळूची नसतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण भागात, मोहावी आणि कोलोराडो ही दोन वाळवंटे जेथे एकमेकांस भेटतात, तेथे ‘जोशुआ ट्री’ नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. हा प्रदेश १९३६ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवण्यात आला आणि १९९४ साली त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तेथे राज्य आहे ते खडकांचे. १० कोटी वर्षांहूनही पूर्वी भूगर्भात थिजलेल्या ग्रॅनाइटच्या जातीच्या खडकात भेगा पडल्या, त्यांतून झिरपणाऱ्या पाण्याने कोपरे झिजविले आणि कालांतराने वरची माती वाहून गेली. तेव्हा एखाद्या राक्षसाने गोट्यांचा डाव अर्धवट टाकून जावे तसे हे प्रचंड धोंड्यांचे ढीग उघडे पडले. त्यांवर चढण्याचे ८,००० हून अधिक मार्ग आज नोंदलेले आहेत.

सह्याद्रीत हिंडलेला एखादा मराठी तरुण नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात जातो, शहरातील कृत्रिम भिंतीवर चार महिने सराव करतो, आणि तीन मित्रांसह तीन दिवस ह्या उद्यानात तळ ठोकण्याचा बेत आखतो. नकाशा पसरताच त्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की कोणता कडा चढावा? वस्तुतः पहिला प्रश्न हा नव्हेच. वाळवंटातील मोहिमेची आखणी शेवटाकडून सुरू करावयाची असते. परत कसे यावयाचे हे आधी ठरवावे. जावयाचे कोठे ते मागाहून.

प्रथम पाण्याचा विचार. सह्याद्रीतील पुष्कळ गडांवर कातळात खोदलेले टाके असते, आणि वैशाखातही त्यात ओंजळभर पाणी सापडेल असा भरवसा वाटतो. ती सवय येथे घातक ठरते. उद्यानातील तळांपैकी ब्लॅक रॉक आणि कॉटनवुड ह्या दोहोंवरच पिण्याचे पाणी मिळते. आरोहकांच्या आवडत्या हिडन व्हॅलीच्या तळावर थेंबही नाही. श्रम करणाऱ्या माणसास दिवसाकाठी सुमारे साडेसात लिटर पाणी धरावे, असा तेथील प्रघात आहे. चार माणसे आणि तीन दिवस ह्यांचा गुणाकार केला म्हणजे ९० लिटर, अर्थात ९० किलोंचे ओझे होते. ते गावातूनच मोटारीत भरून न्यावे लागते. सरपणही बरोबर नेणे प्राप्त आहे, कारण उद्यानातील काटकी उचलण्यास मनाई आहे.

दुसरा विचार ऋतूचा. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांपलीकडे जातो आणि खडकास हात लावणेही कठीण होते. म्हणून ऑक्टोबर ते मे हा काळ आरोहणाचा मानतात. परंतु हिवाळ्यातील रात्री पाणी गोठते, आणि डिसेंबरात पाच वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. दुपारी सदऱ्यावर चढलेला माणूस संध्याकाळी उबदार कपडे आणि कपाळावर बांधावयाचा दिवा ह्यांवाचून माथ्यावर अडकला, तर सकाळचे ऊन हेच त्याचे संकट होते असे कोण म्हणेल?

आता खडकाचा विचार. ह्याचा पृष्ठभाग इतका खरबरीत आहे की बुटाचा तळ त्यावर उत्तम धरतो, पण भेगेत खुपसलेल्या हातांची सालडीही तितक्याच सहज निघतात; म्हणून बोटांच्या मागे चिकटपट्टी गुंडाळण्याची रीत आहे. तेथील जुन्या मार्गांस दिलेले काठिण्याचे अंक कृत्रिम भिंतीवरील अंकांहून कडक असतात. नवख्याने आपल्या नेहमीच्या अंकाच्या दोन पायऱ्या खाली उतरूनच आरंभ करावा. शिवाय अनेक मार्गांवर दोर अडकविण्यास ठोकलेला खिळा नसतो. आधार भेगांतच बसवावा लागतो, आणि ही विद्या पुस्तकातून येत नाही. पहिल्या खेपेस परवानाधारक मार्गदर्शक बरोबर घेण्यात कमीपणा मुळीच नाही. जोशुआच्या झाडास दोर बांधणे मात्र निषिद्ध आहे. ते वर्षाला बोटभरही मुश्किलीने वाढते; माणसाच्या एका दुपारच्या सोयीसाठी त्याची कित्येक वर्षे खर्ची घालणे न्याय्य नव्हे.

सर्वांत शेवटी, म्हणजेच सर्वांत आधी, उतरण्याचा विचार. हे खडक एका बाजूने सोपे दिसतात आणि माथ्यावर पोहोचल्यावर खाली येण्याची वाट दिसत नाही. हिडन व्हॅलीजवळच्या इंटरसेक्शन रॉकसारख्या शिळेवरून बहुधा दोरावरूनच उतरतात. तेव्हा दोर जमिनीपर्यंत पोहोचतो की नाही हे पाहावे, आणि त्याच्या दोन्ही टोकांस गाठी माराव्यात. ही गाठ मारण्यास अर्धे मिनिट लागते. ती विसरल्यामुळे टोकावरून निसटून माणसे प्राणांस मुकली आहेत.

उद्यानाच्या बहुतेक भागात भ्रमणध्वनी चालत नाही. म्हणून निघण्यापूर्वी गावातील एखाद्या स्नेह्यास कोठे जाणार आणि कोणत्या वेळेपर्यंत परतणार हे लिहून द्यावे. चौघांनी आपसांतही एक करार करावा: त्या दिवसाचे अर्धे पाणी संपले, किंवा एकानेही ‘पुरे’ म्हटले, की मागे फिरावयाचे, आणि त्याचे कारण कोणी विचारावयाचे नाही. माथा दहा हातांवर असता परत फिरणे मनास बोचते खरे. परंतु तो खडक पुढल्या हिवाळ्यातही तेथेच असणार आहे. चढणारे चौघेही तेव्हा असावेत, एवढ्याचसाठी ही सारी आखणी.