शेवटून पहिली

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील क्रीडासप्ताहाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



क्रीडासप्ताहाच्या उद्घाटनाला एखाद्या खेळाडूने बोलावे, असा संकेत आहे. मी खेळाडू नाही. माझा विषय मराठी आणि तीस वर्षांतली माझी धावपळ बहुतेक जिन्यावरची. तरीही आज मी धावण्यावरच बोलणार आहे, कारण गेल्या डिसेंबरमध्ये वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी आयुष्यातील पहिल्या शर्यतीत उतरले आणि तीत शेवटची आले.

माझी मुलगी इंग्लंडमध्ये शेफील्ड शहरातील एका रुग्णालयात काम करते. साठलेली हक्काची रजा काढून मी तिच्याकडे गेले होते. नाताळच्या दिवशी तिला कामावर जावे लागले. सुट्टी मिळाली ती दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला. या दिवसाला तिकडे ‘बॉक्सिंग डे’ म्हणतात. मुष्टियुद्धाशी त्याचा काही संबंध नाही. घरकाम करणाऱ्यांना आणि वर्षभर दाराशी सेवा देणाऱ्यांना या दिवशी बक्षिसाची पेटी देण्याची जुनी रीत होती. आपल्याकडच्या दिवाळीच्या पोस्तासारखी. इंग्लंडात १८७१ च्या कायद्याने ती सार्वजनिक सुट्टी झाली. आदल्या दिवशी भरपेट जेवलेली माणसे त्या दिवशी घराबाहेर पडतात आणि गावोगावी शेतांतून, माळरानांतून, चिखलातून गमतीच्या धावा होतात.

मुलगी म्हणाली, “आई, उद्या सकाळी धावायला जायचंय. तुझंही नाव दिलंय मी.”

मी म्हटले, “अगं, मी मुख्याध्यापिका आहे.”

ती म्हणाली, “तिथे कुणाला ठाऊक आहे?”

शेफील्डच्या पश्चिमेला डोंगराळ प्रदेश सुरू होतो. त्याला ‘पीक डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. सकाळी सव्वाआठनंतर सूर्य उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. त्यामुळे धाव साडेदहाला होती. गावच्या सभागृहासमोर शे-दीडशे माणसे जमली होती आणि त्यांतले एकही गंभीर दिसत नव्हते. कुणी सांताक्लॉजचा लाल झगा घातलेला, कुणाच्या डोक्यावर सांबराची कापडी शिंगे. एक आजोबा तर नाताळच्या पुडिंगच्या गोल वेषात, फक्त हातपाय बाहेर. मी सलवार-कमीज, वर दोन स्वेटर आणि कानटोपी अशा थाटात उभी होते. मला वेगळा वेष करण्याची गरज पडली नाही. प्रवेशशुल्क थोडेसेच होते आणि जमणारी रक्कम डोंगरात अडकलेल्या माणसांना सोडवणाऱ्या स्वयंसेवकांच्या पथकाला जाणार होती.

विद्यार्थ्यांनो, या धावण्याचे एक मूळ तुमच्यासारख्या मुलांच्या शाळांत आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील श्रूजबरी आणि रग्बी येथील शाळांत ‘ससे आणि शिकारी कुत्रे’ नावाचा खेळ चाले. दोघे-तिघे ‘ससे’ पिशवीतून कागदाचे कपटे टाकत पुढे पळत आणि बाकीची मुले कपट्यांच्या मागावर कुंपणे, ओढे, नांगरलेली शेते ओलांडत त्यांचा पाठलाग करीत. टॉमस ह्यूज यांच्या १८५७ च्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या कादंबरीत या खेळाचे वर्णन आहे. पुढे प्रौढांनीही तो उचलला. १८६८ मध्ये लंडनजवळ स्थापन झालेल्या एका क्लबने या खेळाचे नावच धारण केले: ‘टेम्स हेअर अँड हाउंड्स’. आज जिला आपण क्रॉस-कंट्री म्हणतो, ती शर्यत याच खेळातून वाढली. त्या शर्यतीत संघाचे गुण मोजण्याची रीत मला फार आवडली. संघातील ठरावीक धावपटूंचे क्रमांक एकत्र मिळवतात आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकतो. म्हणजे पुढच्या एकाने पहिला नंबर काढला तरी मागचे सोबती ढेपाळले, तर संघ हरतो.

शिट्टी झाली. पहिली दोनशे पावले मी धावले. मग चढ आला. तिथले चढ लांबून गुळगुळीत, हिरवे दिसतात. पाय ठेवला की घोट्यापर्यंत काळा चिखल. कुजलेल्या वनस्पतींची ती माती पाण्याने फुगलेली असते. शेतांच्या हद्दींवर चुना-सिमेंटाशिवाय रचलेल्या दगडी भिंती आहेत आणि त्या ओलांडायला भिंतीतच दगडी पायऱ्या बसवलेल्या असतात. तिसऱ्या भिंतीवरून उतरताना माझा पाय घसरला आणि मी चिखलात बसले. शेजारच्या मेंढ्यांनी माना वर करून पाहिले आणि पुन्हा चरू लागल्या. मुलगी थांबली होती. तिला मी आग्रहाने पुढे पाठवले. सांताक्लॉज, शिंगे, पुडिंग, सारे टेकडीपलीकडे दिसेनासे झाले.

मागे वळून पाहिले, तर पिवळे जाकीट घातलेले साधारण सत्तरीचे एक गृहस्थ शांतपणे चालत येत होते. वाटेत रोवलेल्या लहान निशाण्या उपटून ते पाठीवरच्या पिशवीत टाकत होते. मला वाटले, हेही माझ्यासारखेच मागे पडलेले. मी म्हटले, “तुम्ही पुढे व्हा. मी येते हळूहळू.”

ते म्हणाले, “मला पुढे जाता येणार नाही. सर्वांत शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं, हेच आज माझं काम आहे.”

मला प्रथम संकोच वाटला. माझ्यामुळे एका वडीलधाऱ्या माणसाची सुट्टी थंडीत खर्ची पडत होती. त्यांनी ते ओळखले असावे. ते त्या वाटेविषयी बोलू लागले. शेतातून जाणारी ही पायवाट सार्वजनिक हक्काची आहे, जमीन खाजगी असली तरी मालकाला ती अडवता येत नाही, हे त्यांनी सांगितले. त्या वाटा दाखवणारे पिवळे बाण जागोजागी होतेच. वरचे उघडे माळ मात्र एके काळी ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले होते आणि गिरण्या-कारखान्यांतील कामगारांना तिथे पाऊल टाकण्याची मनाई होती. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने सुमारे चारशे जण किंडर स्काउट या डोंगरमाथ्यावर मनाई मोडून चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले आणि २००० च्या कायद्याने अशा माळांवर पायी फिरण्याचा हक्क सर्वांना मिळाला. ज्या चिखलात मी बसले होते, तिथवर पोहोचण्यासाठीही कुणीतरी काही सोसले होते.

मी ऐकत होते. पण खरे सांगते, माझे लक्ष पुन्हा पुन्हा त्यांच्या हातातील निशाण्यांकडे जात होते आणि मला आपले हे मैदान आठवत होते.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. याच मैदानावर आठवीच्या मुलींची आठशे मीटरची शर्यत होती आणि ट्रॅकची जबाबदारी माझ्याकडे होती. बाकी मुली पोहोचल्या, एक मुलगी मागे राहिली. तिचे दोनशे मीटर उरले होते. प्रमुख पाहुणे घड्याळ पाहत होते, पुढच्या रिलेचे संघ उभे होते, काही मुले हसू लागली होती. मी शिट्टी वाजवली आणि हात हलवून तिला बाहेर बोलावले. “पुरे बाळ, बस आता,” असे म्हणाले. तिचा अपमान टळावा म्हणून आपण हे केले, अशी माझी समजूत होती. ती मुलगी पुढे मैदानावर आली नाही. नववीत तिने तब्येतीचे कारण सांगितले, दहावीत दाखला आणला. त्या दाखल्यावर मीच सही केली आणि त्यावर पुन्हा विचार केला नाही.

विचार केला तो अठरा वर्षांनी, परक्या देशातील चिखलात, एक अनोळखी गृहस्थ माझ्या मागे चालत असताना. त्यांनी मला कुठेही “पुरे” म्हटले नाही. “दमलात तर थांबू,” एवढेच म्हणाले. दोनदा थांबलो.

सात किलोमीटरला मला एक तास बत्तीस मिनिटे लागली. मला वाटले होते, सभागृहाला कुलूप असेल. पण वेळ नोंदवणाऱ्या बाई टेबल मांडून तशाच बसल्या होत्या आणि लोक दाराबाहेर येऊन टाळ्या वाजवीत होते. त्या टाळ्यांत कीव नव्हती. पहिल्या आलेल्याला वाजवल्या असतील तशाच त्या होत्या. माझा क्रमांक आणि वेळ वहीत लिहिली गेली. मग चहा आणि मिन्स पाय नावाची सुक्या मेव्याच्या सारणाची गोड करंजीवजा खाद्यवस्तू आली. सारणात कधी कधी प्राण्यांची चरबी असते, म्हणून मी चौकशी केली. एका आजींनी उठून वेगळ्या डब्यातले, चरबी नसलेले पाय मला आणून दिले. मुलगी म्हणाली, “आई, तू शेवटून पहिली!” वर्गात हे शब्द मी किती मुलांबाबत ऐकले होते आणि ऐकून हसलेही होते.

आपल्याला हे सारे अगदी परके आहे का? आळंदीहून पंढरीला निघालेली माउलींची पालखी वेळापूरजवळ आली की वारकरी ‘धावा’ करतात. उतारावरून म्हातारीकोतारी माणसेही विठ्ठलाच्या ओढीने पळत सुटतात. त्या धावण्यात पहिला कोण, हे आजवर कुणी विचारलेले नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी मध्यम ते जोरकस हालचाल करावी. आपल्या शाळेत नववी-दहावीच्या किती मुली मैदानावर दिसतात, हे शिक्षकांना ठाऊक आहे. त्यांना धावता येत नाही असे नाही. आपण शर्यत अशी आखली आहे, की तीन पदकांपलीकडे कुणाची गरजच उरत नाही.

म्हणून संस्थेच्या संमतीने या वर्षापासून तीन गोष्टी ठरल्या आहेत. पहिली, या मैदानावरील कोणतीही शर्यत शेवटचा विद्यार्थी पोहोचेपर्यंत संपणार नाही. पाहुणे थांबतील, रिले थांबेल. दुसरी, प्रत्येक लांब शर्यतीत एक शिक्षक सर्वांच्या मागे चालेल. तिसरी, नाताळच्या सुट्टीत शहराबाहेरच्या खडकाळ माळावर तीन किलोमीटरची धाव होईल. पाचवीपासूनचे विद्यार्थी, पालक आणि माजी विद्यार्थी तीत येऊ शकतील. हवा त्या वेषात या. काही पालकांनी काळजी व्यक्त केली आहे आणि ती योग्य आहे. सकाळी सात वाजता, थंड वेळी धाव सुरू होईल. आदल्या दिवशी वाट साफ करून निशाण्या लावू. पाणी, प्रथमोपचार आणि डॉक्टर सोबत असतील. मात्र गुडघे खरचटणारच नाहीत, असे वचन मी देणार नाही.

आपण हैदराबादेत मराठी शाळा चालवतो. साठ वर्षांपूर्वी वर्ग भरभरून वाहत होते. आज पहिलीच्या वर्गात किती बाके रिकामी आहेत, हे सर्वांना दिसते. “आणखी किती दिवस?” असे हितचिंतकही विचारतात. या प्रश्नाचे उत्तर मी एकटी देऊ शकत नाही. पण जी शाळा मागे राहिलेल्या मुलाला शिट्टी वाजवून बाहेर काढते, तिने आपल्याला कुणी तसे बाहेर काढू नये, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

शेवटी एक सांगते. त्या मुलीचा दूरध्वनी क्रमांक माजी विद्यार्थ्यांच्या यादीत मिळाला. मी तिला फोन केला आणि झाल्या गोष्टीची क्षमा मागितली. ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, “बाई, मला ती शर्यत नीटशी आठवत नाही. शिट्टी आठवते.” नाताळच्या धावेचे निमंत्रण मी दिले. ती म्हणाली, “बघते.”

ती येईल की नाही, मला ठाऊक नाही. आली तर तिने धावावे, चालावे किंवा नुसते उभे राहावे. त्या दिवशी शिट्टी दुसऱ्या कुणाच्या हातात असेल. मी पिवळे जाकीट घालून सर्वांच्या मागे असेन, निशाण्या गोळा करीत.