भाग ३१ : सरांना कोण शिकवतं?

ट्रेनमध्ये असाल, मेसच्या रांगेत असाल, नाहीतर रात्री दिवा बंद करून कानात इअरफोन घालून पडला असाल, जिथे असाल तिथे स्वागत. आजचा भाग कोडिंगवर नाही. आज एका फॉर्मची गोष्ट सांगायची आहे. त्या फॉर्मवर नऊ सह्या लागतात.

इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. मी बीड जिल्ह्यातला, बारावीपर्यंत मराठी माध्यम. माझा रूममेट परभणीकडचा, तोही तसाच. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला. दोघंही तीन-तीन विषयांत नापास. एम-वन, ग्राफिक्स आणि बेसिक इलेक्ट्रिकल. घरी फोन करायची हिंमत होईना. रूममेटनं दोन दिवस जेवण सोडलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मी कागदपत्रं काढून घेतो. हे आपलं काम नाही."

कॉलेज सोडायचं तर नो ड्यूजचा फॉर्म भरावा लागतो. लायब्ररी, लॅब, वर्कशॉप, हॉस्टेल, अकाउंट्स, विभागप्रमुख, अशा सगळ्यांच्या सह्या. आमच्या फॉर्मवर नऊ रकाने होते. त्यानं सकाळी दहाला सुरुवात केली आणि चार वाजता नऊच्या नऊ सह्या घेऊन खोलीवर आला. मी विचारलं, "कुणी काही म्हणालं का?" तर म्हणाला, "हो, लायब्ररीत म्हणाले की कार्ड जमा कर."

नऊ माणसांनी सही केली. अठरा वर्षांचा मुलगा वर्षाच्या मधेच कॉलेज सोडतोय, आणि "का रे?" असं कुणीही विचारलं नाही. कुणी वाईट माणूस होतं असं मी म्हणत नाही. प्रत्येकाचं काम एवढंच होतं की याच्याकडे काही बाकी आहे का ते बघायचं. बाकी काही नव्हतं, म्हणून सही केली.

आठवड्याभरानं तोच फॉर्म घेऊन मी निघालो. नेमके त्या दिवशी वर्कशॉपमध्ये दुसरे काका होते. आधीच्या वेळी ते रजेवर होते. त्यांनी फॉर्म बघितला, पेन उघडलं आणि थांबले. "फिटिंगचा जॉब अर्धा टाकून कुठं निघालास?" मी म्हटलं, "काका, तीन विषय राहिलेत. वर्ष गेलं." ते म्हणाले, "कुणी सांगितलं वर्ष गेलं? एटीकेटी म्हणजे काय माहीत आहे का तुला?"

खरं सांगतो, मला माहीत नव्हतं. शब्द ऐकला होता. पण पहिल्या सेमिस्टरचे ठरावीक विषय राहिले तरी वर्ष वाया जात नाही, ते परत देता येतात आणि पुढच्या वर्गात जाता येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या घरात इंजिनिअर होणारा मी पहिला. विचारणार कुणाला? काकांनी फॉर्म दुमडून माझ्या खिशात घातला आणि म्हणाले, "आधी जॉब पूर्ण कर. मग सोमवारी ये, सही देतो." सोमवारी मी गेलो नाही.

आज मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रूममेटचं त्याच्या तालुक्याला मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, चांगलं चालतं. हा भाग करण्याआधी मी त्याला फोन करून विचारलं, "तुझी गोष्ट सांगू का?" म्हणाला, "सांग. फक्त नाव नको. आणि हेही सांग की नियम माहीत असता तर मी थांबलो असतो."

निकाल सारखा, फॉर्म सारखा. फरक एवढाच की एका दिवशी एक काका रजेवर होते. आमच्या क्षेत्रात अशी सिस्टिम कुणी बांधली तर तिला प्रॉडक्शनला जाऊ देत नाहीत. एका माणसाच्या रजेवर एका मुलाचं शिक्षण अवलंबून? पण कॉलेजात आपण त्याला 'नशीब' म्हणतो आणि पुढे जातो.

ही गोष्ट आत्ताच का आठवली, ते सांगतो. दिवाळीनंतर माझ्याच कॉलेजनं मला बोलावलं. प्राध्यापकांसाठी पाच दिवसांचा एफडीपी होता, म्हणजे फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम. एआय टूल्सवर दोन तासांचं सेशन मी घ्यायचं होतं. मी हॉलमध्ये शिरलो तर काय दृश्य! आपण जसे बसायचो तसेच सर-मॅडम बसलेले. मागची बाकं फुल्ल, पुढची दोन रिकामी. कुणी पेपर तपासतंय, कुणी नॅकची फाइल भरतंय, कुणी मोबाइलवर. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. कारण ऑफिसमध्ये सायबर सिक्युरिटीचं जे सक्तीचं ट्रेनिंग असतं, ते मी काय करतो? व्हिडिओ म्यूट करून दुप्पट वेगानं लावतो आणि शेवटची क्विझ अंदाजानं सोडवतो. मी कोण त्यांना हसणारा?

चहाच्या वेळी आमचे एक सर भेटले. पहिल्या वर्षी यांची मला जाम भीती वाटायची. भर वर्गात "मराठी मीडियम का?" असं विचारून ते पुढच्या बाकाकडे वळायचे. त्या प्रश्नानंतर वर्षभर मी हात वर केला नाही. तेच सर आता माझ्याशेजारी उभे राहून चहात बिस्किट बुडवत होते. धीर करून मी विचारलं, "सर, तुम्हाला शिकवायला कुणी शिकवलं?"

ते क्षणभर गप्प झाले. म्हणाले, "कुणी नाही. एमटेक झालं, इंटरव्ह्यू झाला. पहिल्या दिवशी हातात टाइमटेबल, हजेरीपट आणि डस्टर दिला. सत्तर मुलं समोर. वय माझं पंचवीस. माझे सर जसे शिकवायचे तसं मी शिकवायला लागलो. ते ओरडायचे, म्हणून मीही ओरडायचो."

बघा, शाळेत शिकवायचं तर डीएड, बीएड लागतं. तिसरीच्या मुलांना बेरीज-वजाबाकी कशी समजावायची याचं रीतसर शिक्षण असतं. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचं तर बीई किंवा बीटेक, त्यावर एमई किंवा एमटेक आणि दोन्हींपैकी एका पदवीत फर्स्ट क्लास, एवढी मूळ अट. नेट परीक्षा जिथे लागते तिथेही ती मुख्यतः विषयाचं आणि संशोधनाचं ज्ञान तपासते. वर्गासमोर उभं करून बघत नाही. विषय येतो म्हणजे शिकवताही येतं, हे गृहीतच धरलेलं आहे.

ही उणीव सरकारला ठाऊक नव्हती असं नाही. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीनं विद्यापीठांमध्ये अकॅडमिक स्टाफ कॉलेजं सुरू केली. आपल्याकडे पुणे, मुंबई, नागपूर अशा विद्यापीठांत ती आली. नव्या प्राध्यापकांसाठी ओरिएंटेशन, अनुभवी लोकांसाठी रिफ्रेशर. २०१५मध्ये त्यांचं नाव मानव संसाधन विकास केंद्र झालं. ५ सप्टेंबर २०२३ला, शिक्षक दिनी, मालवीय मिशन सुरू झालं आणि नाव पुन्हा बदललं. तंत्रशिक्षणासाठी भोपाळ, चंदीगड, चेन्नई आणि कोलकाता इथे एनआयटीटीटीआर या संस्था आहेतच. एआयसीटीईनं नव्या शिक्षकांसाठी आठ मॉड्यूल्सचा कोर्स 'स्वयम्'वर ठेवलाय.

म्हणजे सोय आहे. मग घोडं अडतं कुठे? सर म्हणाले ते असं, "अरे, बढतीच्या फाइलला सर्टिफिकेट लागतं. तेव्हा ट्रेनिंग आठवतं. पाच दिवस ऐकायचं, बॅनरसमोर फोटो काढायचा. सोमवारी परत तोच वर्ग, तोच सिलॅबस. काय बदललं ते बघायला कुणी येत नाही."

मला हे एकदम कळलं. आमच्याकडे फ्रेशर आला की त्याला व्हिडिओ दाखवून सोडून देत नाहीत. एक सीनिअर सोबत देतात. तो कोड लिहितो, दुसरा वाचतो, चुका दाखवतो. कोड रिव्ह्यूमध्ये मी जेवढं शिकलो तेवढं कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नाही. आणि प्राध्यापक? वर्गाचं दार लावलं की आत काय चालतं हे तीस-तीस वर्षं दुसऱ्या एकाही प्राध्यापकाला माहीत नसतं. महिन्यातून एकदा एका सहकाऱ्यानं मागच्या बाकावर बसायचं, नंतर चहा घेत दहा मिनिटं बोलायचं. रिपोर्ट नाही, मार्क नाहीत. याला ना बजेट लागतं, ना बॅनर.

शिकवण्याची पद्धत बदलून खरंच फरक पडतो का? पडतो. २०१४मध्ये अमेरिकेत विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. नुसतं लेक्चर असलेल्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के मुलं नापास झाली. जिथे मुलांना वर्गातच काही करायला, बोलायला लावलं तिथे २१.८ टक्के. शंभरात बारा मुलांचा फरक! माझ्या डोळ्यांपुढे लगेच आमची हॉस्टेलची विंग आली.

आणि हे फक्त अमेरिकेत चालतं असंही नाही. आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या भल्यामोठ्या वर्गात 'थिंक-पेअर-शेअर' वापरलं. आधी एकट्यानं विचार करा, मग शेजाऱ्याशी बोला, मग सगळ्यांसमोर मांडा. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अशा वेळी सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली दिसली. हात वर न करणाऱ्या माझ्यासारख्यासाठी यातली मधली पायरी सोन्यासारखी आहे. शेजाऱ्याला मराठीत विचारता येतं ना!

आता माझ्या मनातला खरा मुद्दा. त्या हॉलमध्ये मी एक गोष्ट शोधत होतो. स्टुडंट सेक्शनच्या खिडकीवर बसणाऱ्या मॅडम, लायब्ररीतले सर, हॉस्टेलचे रेक्टर, वर्कशॉपचे काका यांपैकी कुणी आहे का? एकही नव्हतं. 'फॅकल्टी' डेव्हलपमेंट ना, त्यांचा काय संबंध?

पण मुलगा अडचणीत असतो तेव्हा तो आधी कुठे जातो, आठवून बघा. सरांच्या केबिनचं दार वाजवायला धीर लागतो. खिडकीवर जायला काम लागतं, आणि काम प्रत्येकाला असतं. बोनाफाईड हवं, स्कॉलरशिप अडकली, हप्ता पाडून हवा, कागदपत्रं परत हवीत. मुलगा बुडतोय हे सगळ्यात आधी खिडकीला कळू शकतं.

हे आता फक्त माझं मत राहिलेलं नाही. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, २५ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात स्पष्ट म्हटलंय की शिक्षक आणि शिक्षकेतर, अशा सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. मानसिक प्रथमोपचार कसा करायचा, धोक्याची लक्षणं कशी ओळखायची, पुढे कुणाकडे पाठवायचं, हे त्यात हवं. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक हवा. 'शिक्षकेतर' हा शब्द वाचला आणि मला आमचे काका आठवले.

खिडकीवरच्या माणसानं समुपदेशक व्हावं असं कुणी म्हणत नाही. तीनच गोष्टी पुरेत. एक, "का रे?" विचारायचं आणि उत्तर ऐकून घ्यायचं. दोन, एटीकेटी, स्कॉलरशिप, फीचे हप्ते, गॅप यांचे नियम तोंडपाठ नकोत, पण एका पानावर समोर हवेत. तीन, आपल्याला झेपणारं नसेल तर कुणाकडे न्यायचं ते माहीत हवं. आणि शक्यतो चिठ्ठी देऊन पाठवायचं नाही, सोबत चालत जायचं.

निघताना मी सरांना एक सुचवलं. नो ड्यूजच्या फॉर्मवर पहिली सही जीएफएमची ठेवा, आणि ती पंधरा मिनिटं बोलल्याशिवाय करायची नाही. सर म्हणाले, मीटिंगमध्ये मांडतो. परवा विचारलं तर 'विचाराधीन' आहे म्हणे. पण त्यांनी स्वतः एक सुरू केलंय. दर वीस मिनिटांनी थांबून एक प्रश्न देतात आणि शेजाऱ्याशी बोलायला सांगतात. "वर्गात गोंगाट होतो रे," म्हणाले, "पण आता प्रश्न मागच्या बाकावरून येतात." मराठी मीडियमच्या प्रश्नाबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही. चहाचे पैसे मात्र त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

तुम्ही काय करू शकता? सेमिस्टरच्या शेवटी तो फीडबॅकचा गूगल फॉर्म येतो ना, त्यात सगळीकडे पाच तारे देऊन मोकळे होऊ नका. एक वाक्य लिहा, कुठे कळलं नाही ते. सीनिअर असाल तर ज्युनिअर्सना एटीकेटीचा नियम पहिल्याच आठवड्यात समजावून सांगा. जड वाटत असेल तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आणि तुमच्या खोलीतलं कुणी नो ड्यूजचा फॉर्म घेऊन निघालं, तर सह्या गोळा करायला मदत करण्याआधी विचारा, का रे?

मी माझ्या रूममेटला ते विचारलं नव्हतं. सही करणारे नऊ होते. दारात उभं राहून त्याला टाटा करणारा दहावा मी होतो.

चला, भेटू पुढच्या शनिवारी. हा भाग तुमच्या एखाद्या सरांना, मॅडमना किंवा लॅबमधल्या काकांना नक्की पाठवा. काळजी घ्या.